सगळ्या गल्लीचं एकच वळण

उंदराचं वर्ष, सातवा महिना, एकोणतीस

माझी बायको दालरे गेली त्याला आज पाच दिवस झाले. कचेरीतून निरोप आलाय, परवापासून हजर व्हा. बरं.

सोळा वर्षं मी कचेरीत चिनी अक्षरांत दुसऱ्यांच्या मजकुराच्या नकला करतो. त्या अक्षरांत स्वतःचं म्हणून एक वाक्यही कधी लिहिलं नाही. हे लिहितोय ती साधी अक्षरं, बायकांची म्हणून आम्ही लेखनिक ज्यांना हसतो ती. दालरेने दोन हिवाळ्यांपूर्वी मला शिकवली. सकाळी शिकायला बसलो आणि दुपारी वाचता येत होतं. सोळा वर्षं घासलेल्या माणसाचा तो थोडा अपमानच होता. ती खूप हसली होती.

आता या अक्षरांवर बंदी आहे. शिकवायचं नाही, शिकायचं नाही, लिहायचं नाही. आताच्या राजाच्या खापरपणजोबांनीच ती करवून घेतली होती, पण ते बोलायची सोय नाही. गेल्या एकोणीस तारखेला पहाटे ओढ्याच्या पुलावर आणि बाजाराच्या भिंतीवर राजाच्या निंदेचे कागद चिकटवलेले सापडले, तेही या अक्षरांत, म्हणून हा सगळा कहर. हे लिहिताना मला भीती वाटायला हवी. वाटत नाही. काहीच वाटत नाही, खरं सांगायचं तर.

ताप कसा चढला ते लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन. एकोणीसच्या सकाळी मी उठलो तर ती चुलीपाशी ओलीचिंब बसली होती. म्हणाली, अंगणातल्या सोयाच्या डेऱ्यांवर झाकणं घालायला गेले होते. रात्रभर पाऊस होता. दुपारी अंग तापलं. पाचव्या दिवशी बरळायला लागली. "लोकांनी वाचलं का? वाचलं का लोकांनी?" एवढंच पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, हो, वाचलं. काय ते विचारलं नाही. तापात माणूस काहीही बोलतं. सहाव्या दिवशी गेली.

आज तिची खोली आवरली. तिच्या गवती जोड्याला चिखल वाळून घट्ट बसलाय. भांड्यात तांदळाची खळ तशीच सुकली होती, कुंचला आत चिकटलेला. आमच्या कागदी दारांना नवा कागद लावायचा मनात असेल. पावसाळ्यात दारांना कागद कोण लावतं? पण तिला कामाची घाई असायची. दाराचा कागद अजून फाटकाच आहे.

आठवा महिना, दुसरा

कचेरी. माझ्या सुतकाच्या पांढऱ्या पट्टीकडे सगळ्यांनी बघितलं आणि मग सगळे दुसरीकडे बघायला लागले.

मला आणि पियनला नवं काम दिलंय. पियन माझ्या शेजारी बसणारा लेखनिक, तोंडाळ पण मनाने साफ. काम असं, की शहरात ज्यांना ज्यांना ही अक्षरं येतात त्यांची यादी गल्लीचे मुखिया देणार, प्रत्येकाकडून चार ओळी लिहून घेणार आणि आम्ही ती वळणं भिंतीवरच्या कागदाशी ताडून बघणार. यादीत नाव लपवलं तर शिक्षा, शेजाऱ्याचं लपवलं तर त्यालाही. माझं नाव यादीत नाही. कचेरीतल्या लेखनिकाला बायकांची अक्षरं येतात हे कोणाच्या मनातही येणार नाही.

आमचे वरचे अधिकारी क्वाक. त्यांनी भिंतीवरून सोडवलेला कागद आमच्यापुढे पसरला. पावसाने एक कडा विरघळली आहे. मजकूर थोडा आहे. जो मेलेल्यांनाही झोपू देत नाही तो जिवंतांना काय राखणार, असं आहे. यंदा राजाने जुन्या गुन्ह्यांसाठी कितीतरी कबरी उकरून प्रेतांची डोकी छाटवली, त्याबद्दल. त्यातल्या चार हुकमांच्या नकला मीच केल्या आहेत. वळण चांगलं होतं त्यांचं.

भिंतीवरच्या कागदाचं वळण मी लगेच ओळखलं.

उभी रेघ खाली येता येता डावीकडे कलते आणि टोकाला जरा दाबली जाते. दालरेची रेघ अशी होती. लहानपणी चारा कापण्याच्या विळीत तिच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट पेरापासून गेलं, त्यामुळे ती कुंचला मधल्या बोटावर टेकवून धरायची आणि रेघ कलायची. मी खाली बघत राहिलो. पियन म्हणाला, "काय रे, डुलकी लागली का?" मी म्हटलं, शाई वाईट आहे.

दालरे विहिरीपलीकडे कधी गेली नाही. विजेला घाबरायची. हे तिने लिहिलेलं नाही हे मला जितकं ठाऊक आहे तितकं काहीच ठाऊक नाही. म्हणजे तिच्याकडून कोणीतरी शिकलं. कोण?

आठवा महिना, चौथा

चौकात पुस्तकं जाळली. बायकांची गोष्टींची पुस्तकं, पत्रं, देवाच्या पोथीचं एक भाषांतर. फार गर्दी नव्हती.

घरी आलो तर ओक्दान दारात. समोरच्या घरातली विधवा, शिवणकाम करते, घरात आंधळी सासू. दालरेला ताई म्हणायची.

"भाऊजी, ताईकडे काही कागद होते. पातळ, तेल लावलेले."

"कसले?"

"गिरवायचे." मग घाईघाईने, "म्हणजे शिवणाचे नमुने. बघा ना जरा. सापडले तर चुलीत घाला. मी घालते हवं तर."

मी शोधतो म्हटलं. ती उभीच राहिली. "तुम्ही जेवता ना वेळेवर?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "तोंडावरून तर वाटत नाही."

कागद कपडे ठोकायच्या दगडाखाली सापडले. वीस-पंचवीस होते. शिवणाचे नमुने नव्हते. दालरेने लिहिलेली अक्षरं, ओळीने, आणि त्यांवरून दुसऱ्या कोणीकोणी गिरवलेलं, काहींचं वेडंवाकडं, काहींचं हळूहळू सुधारत गेलेलं.

गल्लीतल्या बायका दर दुपारी आमच्याकडे धुतलेले कपडे दगडावर ठोकून गुळगुळीत करायला यायच्या. मला ठाऊक होतं. मी सुट्टीच्या दिवशी कुरकुर करायचो, की किती ठोकता, कपडे फाटतील. दालरे म्हणायची, "ठोकलं नाही तर कपडा बसत नाही." आता कळतं की चौघी ठोकत असतील आणि बाकीच्या गिरवत असतील. मी त्या घरात सोळा वर्षं राहिलो.

कागद जाळले नाहीत. का, ते सांगता येत नाही.

आठवा महिना, सहावा

आमच्या गल्लीचे नमुने आले. तेवीस बायका. प्रत्येकीच्या चार ओळी, कोपऱ्यात मुखियाने लिहिलेलं नाव.

पियनने दोन ठेवले, चार ठेवले, मग सगळेच जमिनीवर मांडले आणि उकिडवा बसला. "इनबो, अरे हे काय? तेवीस बायका, का एकाच बाईला तेवीस हात?"

सगळ्यांची उभी रेघ डावीकडे कलते. सगळ्यांनी टोक दाबलंय. यांची सगळ्यांची बोटं धड आहेत. तरी ज्या बाईच्या हाताला बोट कमी होतं तिच्यावरून गिरवलं, म्हणून तिच्या बोटाचा दोषही गिरवला. त्यांना वाटलं असेल, अक्षर असंच असतं.

मलाही तसंच वाटलं होतं. मी वर लिहिलेलं बघतोय. माझीही रेघ कलते.

क्वाक आले, बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "चोर या गल्लीत आहे. कोण शिकवतं यांना?"

पियन म्हणाला, "हुजूर, विचारलं. म्हणतात, आपोआप आलं."

"आपोआप केस पांढरे होतात. मला एक नाव द्या. पौर्णिमेच्या आत. एक सापडलं की बाकीचे कागद जाळून मोकळे होऊ. नाही सापडलं तर तेवीसच्या तेवीस आत घेईन आणि गुडघ्यांवर दगड ठेवले की बोलतील."

"पण हुजूर, तेवीसही जणी सारखंच लिहितात, मग एक कसं—"

"पियन, तुला लेखनिक म्हणून ठेवलाय की वकील म्हणून?"

घरी येताना ओक्दानच्या घरात सुईदोऱ्याची टोपली दिसली. सासूबाई उन्हात बसल्या होत्या. "कोण? इनबो का?" पावलांवरून ओळखतात. मी हो म्हणून पुढे गेलो.

आठवा महिना, आठवा

पाऊस. डेऱ्यांवर झाकणं घालायची राहिली. सोयाच्या दोन डेऱ्यांत पाणी गेलं. वरचं पाणी काढून टाकलं. चालेल की नाही, कोणाला विचारू?

आठवा महिना, दहावा

क्वाकनी नाव निवडलं. ताडून नाही. यादी वाचत गेले आणि विचारत गेले, "हिचा नवरा काय करतो? हिचा?" ओक्दानपाशी थांबले. नवरा नाही, भाऊ नाही, माहेर दूर. "ही. इनबो, तू पक्कं करून अहवाल लिही. तुझं अक्षर वर पाठवायला बरं."

संध्याकाळी तिच्याकडे गेलो. दारातच उभा राहिलो, विधवेच्या घरात आत जायचं नसतं. सासूबाई आत होत्या आणि सगळं ऐकत असणार.

मी म्हटलं, "तुमचं नाव निघालंय."

तिच्या हातात सुई होती. तिने टाका पुरा केला, दोरा दातांनी तोडला. "बरं."

"तुम्ही लिहिलंत का?"

"मी लिहिलं असतं तर, भाऊजी, मान वर करून तेरा गल्ल्यांतून चालले असते."

"मग कोणी लिहिलं ते सांगा. मी अहवालात घालतो. तुम्ही सुटाल."

"मला ठाऊक आहे कोणी ते. सांगणार नाही." तिने पहिल्यांदा वर बघितलं. "तुम्हाला तर मुळीच नाही."

मला राग आला नाही, पण लागलं. मी कचेरीचा माणूस, माझ्यावर विश्वास कसा ठेवणार? बाईला आंधळ्या सासूला टाकून मरायचं चालतं पण एक नाव सांगायचं नाही. जिने लिहिलं ती हिच्या एवढ्या जवळची कोण असेल?

आतून सासूबाई म्हणाल्या, "ओक्दान, इनबोला जाऊ दे. त्याचं घर आत्ता कुठे रिकामं झालंय." मग त्या रडायला लागल्या. मला कळेना की त्या कोणासाठी रडतात. ओक्दान उठून आत गेली आणि मी परत आलो.

आठवा महिना, अकरावा

विचार केला. विचार म्हणजे, बसलो.

तेवीस जणींपैकी एकीने लिहिलं. कोणी ते मी शोधू शकत नाही, कारण अक्षर सगळ्यांचं दालरेचं आहे. ओक्दानचं नाव पाठवलं तर ओक्दान मरते आणि दगडाखाली ती काहीतरी बोलेल, मग आणखी कोणी मरेल. एक बाई अशी हवी जिला मारता येणार नाही.

तशी एक आहे.

पण तिला उकरतील. ते हुकूम कसे लिहितात मला ठाऊक आहे. पेटी फोडावी, धड वेगळं करावं, कबरीची जागा सपाट करावी, घरच्यांना सीमेवर पाठवावं.

आयुष्यात कोणाचं वाईट चिंतलं नाही अशा बाईवर आळ घ्यायचा. आणि तो घेणारा मी. दिवसभर हेच मनात फिरत राहिलं आणि तरी आतून काही हललं नाही. आपल्यात काही उरलंय का, असं वाटलं.

आठवा महिना, बारावा

सांगितलं.

दगडाखालचा एक कागद घेऊन गेलो. क्वाकपुढे ठेवला. म्हटलं, ही माझी मेलेली बायको. हिचं वळण बघा. बाकीच्यांची नक्कल आहे, हे मूळ आहे. हिचं बोट तुटलेलं होतं, रेघ कशी कलते बघा. हिच्याशिवाय कोणालाही ही रेघ सरळ काढता आली असती.

क्वाकनी कागद उन्हाकडे धरला. बराच वेळ. "इनबो, बायकोवर कसला सूड उगवतोस रे?"

"नाही हुजूर."

"वीस दिवसांपूर्वी गेलेली बाई. फार सोयीची गुन्हेगार आहे. नुसत्या अक्षरावर मी वर जाऊ शकत नाही. ती गेली होती का पुलावर? कोणी बघितलं?"

मग मी रचत गेलो. म्हटलं, एकोणीसला पहाटे ती घरात नव्हती. मी उठलो तेव्हा ओलीचिंब परत आली होती. जोडे चिखलाने भरले होते, अजून आहेत, शिपाई पाठवा. भांड्यात खळ आहे, कुंचल्यासकट. दारांना तर नवा कागद लावलेला नाही. ती खळ कशाला केली असेल? आणि तापात विचारत होती, लोकांनी वाचलं का.

खोटं रचायला घरातल्याच वस्तू पुरल्या. एवढं चपखल बसत गेलं की बोलता बोलता मला मधेच पाणी मागावं लागलं. मी फार पुढे विचार केला नाही. शिपायांनी जोडे आणि भांडं आणलं. क्वाक खुश झाले. ओक्दानच्या नावावर काट मारताना मी बघितलं.

पियन बाहेर भेटला. नेहमी बडबडणारा माणूस. माझ्याकडे बघून थुंकला. मग थोडं पुढे जाऊन परत आला आणि म्हणाला, "ओक्दानसाठी केलंस का?" त्याला काय वाटलं ते कळलं.  त्याला असंच वाटू दे.

आठवा महिना, पंधरावा

पौर्णिमेचा सण. दारात शिपाई बसवलाय. सण म्हणून आज कबरीवर जाऊ दिलं, तो बरोबर आला. लोक आपापल्या कबरींवरचं गवत कापत होते. दालरेच्या मातीवर अजून गवतच नाही. विळा उगाच नेला.

नवे तांदूळ, एक पेला दारू ठेवली. म्हटलं, तुझ्यावर खोटा आळ घेतलाय. उद्या येतील. तू कोणाला कधी दुखवलं नाहीस आणि मी तुझं असं केलं. तू ओक्दानला बहीण मानायचीस म्हणून केलं. रागावू नकोस, किंवा रागाव.

शिपाई म्हणाला, "चला, उशीर होतोय." त्यालाही घरी जाऊन जेवायचं होतं.

आठवा महिना, सोळावा

झालं. मला समोर उभं केलं होतं. मी डोळे मिटले नाहीत, कारण मिटायचं सुचलं नाही. नंतर माती सपाट केली आणि वरून बैल फिरवला. आता कोणी दाखवल्याशिवाय जागा सापडणार नाही. मला दाखवली तरी सापडणार नाही.

आठवा महिना, एकोणीस. पहिला मुक्काम

काल तीस फटके आणि उत्तरेच्या सीमेवर हद्दपारी. क्वाकनी साठाचे तीस केले, म्हणाले, तुझ्या अक्षराची आठवण येईल. बसता येत नाही, पालथा पडून लिहितोय. कागद मुक्कामाच्या घरातल्या बाईने दिला. तिला वाचता येत नाही, म्हणून निर्धास्त दिला.

आज सकाळची गोष्ट लिहायची आहे.

अंथरूण घ्यायला शिपायांनी मला गल्लीत आणलं. दोघे कोपऱ्यावर कढण पीत बसले. मी वळकटी बांधत होतो, तर ओक्दान आली. दाराबाहेर नाही थांबली, अंगणात आली.

मी म्हटलं, "बरं झालं आलात. एक मागायचं होतं. तिच्या वर्षश्राद्धाला एक वाटी भात ठेवा. मी नसेन. तिच्यावर खोटा आळ घेतला, त्याची भरपाई होणार नाही, पण भात तरी."

ती म्हणाली, "तुम्ही खोटं बोलला नाहीत, भाऊजी."

"माझं मन राखू नका."

"मन राखत नाही. मला आधी वाटलं होतं, कळलंय तुम्हाला, म्हणून केलंत. तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं?"

मी वळकटीची गाठ मारत राहिलो. गाठ बसेना. बाईचं मन मोठं आहे. आपण सुटलो त्याचं ओझं माझ्यावर राहू नये म्हणून बोलली असेल. असंच असेल. दालरे विजेला घाबरायची.

मग ओक्दान मागे सरकली, दोन्ही हात कपाळाशी नेले, गुडघे टेकले आणि जमिनीला कपाळ लावलं. आईबापांच्या कबरीपुढे करतात तसा पूर्ण नमस्कार. मी घाबरलो. "हे काय करता? मी परका पुरुष. कोणी बघेल."

"तुम्हाला नाही करत," ती खालूनच म्हणाली. "ताईला करतेय. तिची कबर ठेवली नाही त्यांनी. मग कुठे करू?"

ती उठली आणि बाजूला झाली. तिच्यामागे फाटकात कुंभाराची बायको उभी होती. तिच्यामागे विहिरीजवळची मावशी, तिची सून, मग आणखी. मला वाटलं होतं बायको विकणारा म्हणून गल्लीत माझ्याकडे कोणी बघणार नाही. एकेक जण आत आली, वाकली, माती लागलेल्या कपाळाने उठली आणि दुसरीला जागा दिली.  ओक्दानच्या सासूबाईंना दोघींनी धरून आणलं. त्यांना दिशा कळेना, त्यांचे खांदे धरून माझ्याकडे वळवलं.

पाठीवरच्या जखमा उघडल्या होत्या, पायांत उभं राहायचं बळ नव्हतं. शिपाई हाक मारत होते. तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थांबेना, आणि पुसायला हात उचलवेना, कारण हात उचलला असता तर त्या दालरेपुढे नाही, माझ्यापुढे वाकताहेत असं झालं असतं.

सगळ्यांचं होईपर्यंत मी हललो नाही.